मी निवडलेला धान मीच सोडून दिला. आता त्याची जबाबदारी माझी आहे का?

बोडीवाले गुरुजी (सिंदेवाही तालुका)

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. वय ६९. घरची साडेचार एकर धानाची शेती आहे. गेल्या पंधरवड्यापासून नीट झोप नाही, म्हणून इथं लिहितो आहे. लांबेल, पण मागचं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

२००४ चा खरीप. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, खालच्या बांधीत (धानाच्या वाफ्यात) एचएमटी वाणाचा धान रोवला होता. एचएमटी म्हटलं की आमच्या भागात दादाजी खोब्रागडे आठवतातच. ते शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे. १९८३ मध्ये पटेल-३ या वाणाच्या बांधीत त्यांना काही लोंबी वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं जपल्या आणि त्यातून जो धान उभा राहिला त्याला तेव्हाच्या गाजलेल्या घड्याळाचं नाव पडलं. ही गोष्ट मी चौथीच्या पोरांना दरवर्षी सांगायचो. सांगता सांगता माझीच नजर तशी झाली असावी.

त्या वर्षी ऑक्टोबरात दोन दिवस वाऱ्यापावसानं झोडपलं. सकाळी गेलो तर अख्खी बांधी लोळलेली. मधोमध एकच चूड (रोपांचा झुबका) उभी. चिखलातून जवळ गेलो. काडी बोटाला टणक लागली, वरचं पान सरळ, लोंबीत दाणे दाट बसलेले आणि एकाही दाण्याला कुसळ नाही. अकरा लोंबी निघाल्या. रुमालात बांधून घरी आणल्या. उंदरानं खाऊ नयेत म्हणून बायकोनं त्या देवघराजवळच्या खुंटीला टांगून ठेवल्या.

पुढची सहा वर्षं ती एक बांधी हेच माझं वेड होतं. एका लोंबीची एक ओळ लावायची. ओळीत एक जरी झाड वेगळं दिसलं, तर पूर्ण ओळ बाद. अकरातल्या चार ओळी टिकल्या. २०१० मध्ये पहिल्यांदा शेजाऱ्यांना दिला, पायलीला पायली. म्हणजे त्यांचा धान घ्यायचा, आपला द्यायचा. पैसे कधी घेतले नाहीत. लोकांनीच त्याला 'मास्तर' म्हणायला सुरुवात केली. आजूबाजूच्या सहासात गावांत तो पसरला. दर चार-पाच वर्षांनी लोक येऊन ताजं बियाणं न्यायचे. मी दर कापणीआधी बांधीत उतरून वेगळी झाडं उपटायचो आणि पुढच्या ओळींसाठी अडीचशे-तीनशे लोंबी निवडून ठेवायचो. कुणी लिहून दिलं नव्हतं, पण सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं की मूळ बियाणं गुरुजींकडे आहे.

२०१७ मध्ये बायकोच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. नागपूरला मुलाकडे राहायला गेलो, शेत ठेक्यानं दिलं. लोंबींची पिशवी ढोलीवर (धान साठवायच्या कणगीवर) तशीच राहिली. २०२१ मध्ये बायको गेली. त्यानंतरही तीन वर्षं मी गावाकडे फिरकलो नाही. पहिली चार वर्षं मला कारण होतं. नंतरची तीन वर्षं नव्हतं, फक्त त्या घरात पाय टाकवत नव्हता. हे इथं खरं लिहिलं नाही तर विचारण्यात अर्थ नाही.

२०२४ च्या दिवाळीत कायमचा परत आलो. पिशवी काढली. निम्म्या दाण्यांना सोंडे लागलेले. उरलेल्यांतले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात बांधले. आठव्या दिवशी उघडलं तर एकालाही कोंब नव्हता.

आता या ऑक्टोबरची गोष्ट. बारा कोसांवरचा एक तरुण शेतकरी पत्ता विचारत घरी आला. काखेत धानाची पेंढी. त्यानं बियाण्याच्या दुकानातून 'मास्तर' नावाच्या थैल्या विकत घेऊन तीन एकर रोवला होता. मी ओसरीवर पेंढी सोडली आणि सवयीनं लोंबी निवडायला बसलो. बघता बघता पाच ढीग झाले. एक कंबरेच्या वर जाणारा, पिकून दाणे गळत असलेला. एक अजून हिरवा. एकाच्या दाण्याला बोटभर कुसळ. एकाचा दाणा तळहातावर चोळला तर तांदळावर लाल रेघ. आणि चाळीसेक लोंबींतून आठ-नऊ अशा, ज्या मी अंधारातही ओळखल्या असत्या.

तो म्हणाला, "यातला तुमचा कोणता होय जी?"

मी आठ-नऊ लोंबी त्याच्या हातात दिल्या. त्यानं दोन एकर कापला होता. लवकर कापला म्हणून हिरवा दाणा आला, आणि गिरणीवर कणीच जास्त पडली. एक एकर अजून उभा आहे. चिडला नव्हता तो. फक्त एवढं बोलला, "तुम्ही सोडला हे आमाले कोणी सांगतलंच नाही ना गुरुजी."

माझा प्रश्न असा. मी ते बियाणं विकलं नाही. त्या दुकानाशी माझा काडीचा संबंध नाही. कायद्यानं मी कुणाचं देणं लागत नाही, हे मुलगाही सांगतो. पण धान माझ्या हातून झाला, माझ्या नावावर चालतो, आणि मी त्याला वाऱ्यावर सोडलं. या वयात पुन्हा त्यात उतरणं माझं कर्तव्य आहे का? की एकदा लोकांच्या हातात दिलेली वस्तू लोकांची झाली, असं समजून गप्प बसावं?

---

चिमूरचा शेतकरी

गुरुजी, मनाला लावून घेऊ नका. घरात बाई मरणाच्या दारात असताना कोण लोंबी निवडत बसतो? तुम्ही फुकट दिलं, लोकांनी बारा वर्षं पिकवलं, खाल्लं, विकलं. त्यातल्या एकानं तरी नागपूरला फोन करून विचारलं का, की गुरुजी, धानाचं काय करू? जबाबदारी एकट्या तुमची कशी? आमच्या गावातही 'मास्तर' होता. आम्ही दर वर्षी घरचाच वापरत गेलो, निवड कधीच केली नाही. तो आमचा आळस.

---

कृषी सहायक, गोंदिया जिल्हा

आधी हे तपासू या की बिघाड तुमच्या सोडण्यानं झाला की दुसऱ्या कशानं. माझ्या मते दोन्ही, पण सारख्या प्रमाणात नाही.

धानाचं फूल स्वतःच्याच परागानं फळतं. शेजारच्या वाणाचा पराग येऊन संकर होण्याचं प्रमाण साधारण एक टक्क्याच्या आतलं. म्हणून तर धानाच्या बीजोत्पादनात दोन वाणांमध्ये तीन मीटर अंतर पुरतं. तेव्हा सात-आठ वर्षांत पाच ढीग पडतात ते परागामुळे नव्हे. मिसळ होते ती हातांनी आणि यंत्रांनी. पूर्वी प्रत्येकाचं पुंजणं (कापलेल्या धानाचा ढीग) वेगळं, चुरणं (मळणी) वेगळं. आता बाहेरून हार्वेस्टर येतो, एका शेतातून निघून थेट दुसऱ्यात शिरतो, आणि आधीच्या वाणाचे किलोंनी दाणे त्याच्या पोटात असतात. दुसरं, गेल्या वर्षी बांधीत गळलेले दाणे पुढच्या पावसात आपोआप उगवतात आणि रोवणीतल्या धानात मिसळतात. तिसरं म्हणजे गोणी. एचएमटीच्या रिकाम्या गोणीत 'मास्तर' भरला की झालं.

तुम्ही दर वर्षी जे करत होता त्याला बियाण्याच्या भाषेत न्यूक्लिअस बियाणं राखणं म्हणतात. त्याच्यापासून पैदासकार, मग पायाभूत, मग प्रमाणित, अशी उतरंड असते. सरकारी वाणाच्या बाबतीत वरची पायरी विद्यापीठ सांभाळतं. एक शास्त्रज्ञ निवृत्त झाला की दुसरा त्या ओळी लावतो. तुमच्या वाणाची वरची पायरी एका माणसाच्या ढोलीवरच्या पिशवीत होती. मला दोष द्यायचाच झाला तर मी २०१७ ला देणार नाही. २०१० ते २०१७ या काळात तुम्ही दुसऱ्या कुणाला ओळी लावायला शिकवलं नाही, तिथं देईन. वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही विचारलंत म्हणून बोललो.

---

वडसेकर (सध्या पुण्यात)

गुरुजी, मी देसाईगंजचा, पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. तुमचं वाचून माझ्या धंद्यातली एक घटना आठवली, आणि ती तुम्हाला सावध करण्यासाठी सांगतो.

आमच्याकडेही लोक एखादं छोटं उपयोगी साधन तयार करतात आणि तुमच्यासारखंच फुकट वाटतात. हजारो लोक ते आपापल्या कामात जोडून घेतात. 'इव्हेंट-स्ट्रीम' नावाचं असंच एक होतं, आठवड्याला लाखो वेळा उतरवलं जाणारं. ज्यानं ते बनवलं तो स्वतः ते वापरत नव्हता, त्याला त्यातून काही मिळतही नव्हतं. २०१८ मध्ये एका अनोळखी माणसानं सांभाळतो म्हणून विचारलं. त्यानं देऊन टाकलं. त्या नव्या माणसानं त्यात लपवून अशी गोष्ट घातली, की एका विशिष्ट पाकिटातलं डिजिटल चलन चोरता यावं. महिना-दोन महिने कुणाच्या लक्षातच आलं नाही. पुढं मूळ माणसावर लोक तुटून पडले. काही म्हणाले, त्याचं काय चुकलं? फुकट काम किती दिवस करायचं?

मी यावर खूप विचार केलेला आहे, कारण माझंही असं एक छोटं काम मी सोडलं आहे. थांबण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. फुकट देणाऱ्याला तर सगळ्यात आधी. पण 'मी थांबलो' हे मोठ्यानं सांगणं थांबणाऱ्याकडेच राहतं, कारण ते दुसऱ्या कुणाला माहीतच नसतं. मी माझ्या कामाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं की अमुक तारखेनंतर यात दुरुस्ती होणार नाही, आपल्या जोखमीवर वापरा. तेवढ्यानं लोक दुसरीकडे वळले. तो पोरगा तुम्हाला तेच म्हणाला ना? सोडला म्हणून नाही, सांगितलं नाही म्हणून.

आणि आता कुणी उत्साहानं 'गुरुजी, मी सांभाळतो' म्हणत आला, तर त्याला लगेच देऊ नका. दोन हंगाम त्याचे हात बघा.

---

नागपूरचा वकील

कायद्याचं थोडं स्पष्ट करतो, कारण 'कायद्यानं मी कुणाचं देणं लागत नाही' हे बरोबर असलं तरी अपुरं आहे.

पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चा आहे. त्यात शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येते आणि त्याला शुल्क माफ आहे. धानासारख्या पिकाला संरक्षण १५ वर्षांचं. तुम्ही नोंदणी केली नाही, म्हणून पुढच्या तरतुदी तुम्हाला लागू होत नाहीत, पण कायदा कसा विचार करतो ते बघा. कलम ३९ म्हणतं की नोंदणीकृत वाणाचं बियाणं शेतकऱ्याला दिलं, तर त्यापासून काय अपेक्षा ठेवायची हे पैदासकारानं, म्हणजे वाण करणाऱ्यानं, सांगितलं पाहिजे, आणि तसं उतरलं नाही तर शेतकरी भरपाई मागू शकतो. कलम ४७ म्हणतं की नोंदणीला तीन वर्षं होऊनही लोकांना ते बियाणं पुरेसं किंवा रास्त भावात मिळत नसेल, तर प्राधिकरण दुसऱ्याला ते पिकवायचा सक्तीचा परवाना देऊ शकतं. म्हणजे वाण करणाऱ्यानं तो अडवूनही बसू नये आणि टाकूनही देऊ नये, या दोन्हीचा विचार कायद्यानं केला आहे. त्याच कलम ३९ नं शेतकऱ्याला घरचं बियाणं ठेवायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा आणि विकायचाही हक्क दिला आहे. फक्त लेबल लावलेल्या थैलीत घालून विकता येत नाही. पायलीला पायली तुम्ही दिलं ते पूर्ण कायदेशीर होतं.

आता त्या मुलासाठी, आणि हे घाईचं आहे. एक एकर अजून उभा असेल तर कापू देऊ नका. थैली, टॅग आणि बिल शोधून ठेवायला सांगा. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. तालुका पातळीवर बियाणं तक्रार निवारण समिती असते, ती पिकाची पाहणी करून पंचनामा करते. उभं पीक नसेल तर सिद्ध करणं फार कठीण जातं. तुम्ही सोबत जा. पाच ढीग तिथं करून दाखवणारा तुमच्याइतका जाणकार दुसरा कोण मिळणार?

---

ब्रह्मपुरीची काकू

नमस्कार गुरुजी. मी कमी शिकलेली, मुलीकडून लिहून घेते आहे.

२०१३ मध्ये माझे मालक तुमच्याकडून दोन पायल्या 'मास्तर' घेऊन आले होते. तुम्ही त्यांना चहा दिला आणि बियाणं मडक्यात ठेवायचं, कोरडा निंबाचा पाला घालायचा, असं सांगितलं, हे ते घरी येऊन तीनदा बोलले. आता ते नाहीत. आमच्याही मोठ्या शेतात भेसळ झाली आहे, ती हार्वेस्टरनंच. पण घरामागची अर्धा एकराची बांधी मी हार्वेस्टरला देत नाही. तिथला भात आम्ही खायला ठेवतो. कापायच्या आधी मी आणि जाऊ दोघी आत जाऊन चांगल्या लोंबी विळ्यानं वेगळ्या काढतो, पदरात जमा करतो आणि त्याचंच बियाणं करतो. माझी सासू तसंच करायची, म्हणून करतो. तुम्ही सांगता ते ओळी लावणं वगैरे मला माहीत नाही. कुसळवाला दाणा दिसला की मी टाकून देते.

एक बोलू का? आमच्या गावच्या तलावाबद्दल म्हातारे लोक सांगायचे की मालगुजारी (जमीनदारी) होती तेव्हा पाळ (तलावाचा बांध) फुटली तर सगळं गाव टोपली घेऊन जायचं. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाला आणि मग पाळीवर बेशरमाची झुडपं माजली, गाळ भरला. ज्यानं बांधला त्याचा राहिला नाही आणि गावानंही आपला मानला नाही. धानाचं तसं होऊ नये. तुम्ही एकट्यानं उचलायचं म्हणून बसाल तर पुन्हा आजारपण येईल, पुन्हा तेच होईल.

आमची कापणी पुढच्या बुधवारी धरली आहे. तुम्हाला यायचं असेल तर थांबवते.

---

बोडीवाले गुरुजी

सगळ्यांचं दोनदा वाचलं. गोंदियाच्या सहायकांनी २०१० ते २०१७ बद्दल जे लिहिलं ते सगळ्यात जास्त लागलं. ते खरं आहे. पोरांना चाळीस वर्षं शिकवलं आणि हे एक कुणाला शिकवलं नाही. लोक मूळ मागायला माझ्याच दारी येतात, याचा मला आनंद व्हायचा. तो आनंद सोडवत नव्हता, म्हणून शिकवलं नाही. आता लिहिताना हे समजतं आहे.

वकीलसाहेब, सोमवारी त्या मुलासोबत तालुक्याला जाऊन तक्रार दिली. टॅग घरात सापडला, बिल सापडलं नाही. गुरुवारी समिती शेतावर येणार आहे. उभा एकर तसाच ठेवला आहे, वरून पाऊस न येवो.

वडसेकर, तुमच्या सांगण्याप्रमाणे एक कागद तयार केला. सातही गावांच्या ग्रामपंचायतीत आणि सोसायटीच्या भिंतीवर लावायला देतो आहे. त्यात मजकूर एवढाच: 'मास्तर' धानाचं शुद्ध बियाणं २०१७ पासून माझ्याकडे नाही. त्या नावानं कुणी विकत असेल तर त्याच्याशी माझा संबंध नाही. ज्यांच्या घरी जुना धान आहे त्यांनी कापणीआधी कळवावं. हा कागद आठ वर्षांपूर्वी नागपूरला जातानाच लावायला हवा होता. पाच मिनिटांचं काम होतं. डायलिसिसच्या रांगेत बसूनही लिहिता आला असता.

पुन्हा उतरायचं ठरवलं आहे, पण दोन हंगामांसाठी. पहिल्या हंगामात ओळी मी लावीन आणि तो मुलगा बघेल. दुसऱ्या हंगामात तो लावील आणि मी बांधावर बसेन. तिसऱ्यात मी नसेन, हेही त्याच कागदाच्या खाली लिहिलं आहे, तारखेसकट. सिंदेवाहीच्या संशोधन केंद्रावर जाऊन थोडं बियाणं तिथं ठेवता येईल का, तेही विचारणार आहे.

काकू, बुधवारची कापणी थांबवू नका, मी मंगळवारी सकाळच्या बसनं येतो. तुम्ही आणि तुमच्या जाऊबाईंनी बारा वर्षं विळ्यानं जे केलं, ते मी ओळी लावून करायचो, यापेक्षा वेगळं काही नाही. तुमच्या बांधीतल्या तीनशे लोंबी मला निवडू द्या. त्या बदल्यात पायलीला पायली, माझ्या घरचा धान आणतो. त्या आधी एक कळवा: घरामागच्या बांधीत पाणी स्वतंत्र पाटानं येतं की वरच्या बांधीतून उतरतं? वरून उतरत असेल तर वरचे गळलेले दाणे पाण्यासोबत वाहून येतात, मग मी पाण्याच्या तोंडाकडची दहा हात जागा सोडून आतल्याच लोंबी घेईन.